डाव्या हाताची तीनचाकी

रत्नाताईवर अन्याय झाला तो भर उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी, दुपारी साडेबारा वाजता. तालुक्याच्या शिबिरात, मांडवाखाली, माईक चालू असताना. तिनं स्वतः जुळवलेली, डाव्या हातानं चालणारी तीनचाकी सायकल दोन माणसांनी उचलली आणि भंगार म्हणून ट्रकमध्ये टाकली. बदल्यात तिला नवीकोरी तीनचाकी मिळाली, उजव्या हातानं चालवायची. ताईचा उजवा हात पोलिओनं लहानपणीच अधू केला होता. त्या हाताला पकड होती, जोर नव्हता. मांडवात एवढे साहेब, एवढे कार्यकर्ते होते, त्यातल्या एकानंही हे विचारलं नाही. शिबिर भरवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एका साहेबाची बदली होते आणि सगळ्यांना वाटतं, चला, न्याय झाला. त्या गुरुवारनंतर पाच आठवड्यांनी रत्नाताई गेली. आज त्याला दीड महिना झाला. आणि जुन्या गाड्या जमा करून घ्या ही मागणी पत्रकात कोणी छापली होती, तेही इथंच सांगून टाकतो. मी छापली होती.

मी अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटात आहे. गट म्हणजे चार पोरं आणि उधारीवर छापून देणारा एक झेरॉक्सवाला. पत्रकं मी लिहितो. पाच वर्षांपूर्वी पांढरकवड्याहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात पत्रकं वाटायला गेलो होतो, सायकलवर. माझ्या सायकलचं उजवं पायडल प्रत्येक फेरीला कट् कट् वाजायचं. विहाराच्या भिंतीच्या सावलीत पोत्यावर एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. तीच रत्नाताई. दोन्ही पाय बारीक, मुडपून एका बाजूला घेतलेले, आणि डावा हात कुस्तीगिराचा असावा तसा. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसतं ऐकलं. "थांब. तुह्या कॉटर गेला."

पायडलचा दांडा ज्या आसावर बसतो, तिथं त्याला घट्ट धरून ठेवायला एक आडवी पाचर ठोकलेली असते, बोटाएवढी. तिला कॉटर म्हणतात. ती झिजली की दांडा डुलतो, आणि गंजली की दांडा जन्मात निघत नाही. माझी झिजलीही होती आणि गंजलीही होती. ताईनं पाना दिला, म्हणाली, तूच काढ. मी नट काढून फेकला आणि हातोडा घातला. एक, दोन, पाच... पाचर जागची हलली नाही, तिचं डोकं मात्र चेंबून भाकरीसारखं झालं.

"झालं का भाषन?" ताई म्हणाली. "आता सरक. नट काहून काढला? नट टोकावर ठेवाचा, म्हंजे मार नटाले बसते, आट्याले नाई. अन् खाली आधार कुठं हाय? अधांतरी मारून राह्यला तू."

तिनं लोखंडी पाइपाचा एक तुकडा दांड्याखाली उभा केला, जमिनीला टेकवून. चेंबलेलं डोकं कानशीनं घासलं. मग डाव्या हातानं एकच हातोडा मारला. पाचर पाइपात पडल्याचा आवाज आला. मी पत्रकं विसरून बघत राहिलो. "दहा मारल्यानं नाई निंगत," ती म्हणाली. "एकच मारा लागते. पन खाली आधार द्या लागते आधी. वाच आता, काय लिवलं त्या कागदावर?"

मी वाचून दाखवलं. 'दिव्यांग बांधवांनो, जागे व्हा.' ती हसली. "म्या तं सकायी पाचलेच जागी व्हतो बावा. लंगडी म्हन, दिव्यांग म्हन, काईबी म्हन. गाडी डाव्या हाताची कोनी देते का, थे इचार."

तेव्हा मला कळलं की तीनचाकी सायकलला बाजू असते. पुढं हातानं फिरवायचा दांडा असतो, साध्या सायकलच्या पायडलचाच, आणि तो एकाच बाजूला असतो. आमच्याकडे वाटपात येणाऱ्या गाड्या सगळ्या उजव्या बाजूच्या. ज्याचे पाय गेले त्याचा उजवा हात शाबूत असणारच, असं कोणीतरी कुठंतरी टेबलावर बसून गृहीत धरलंय. रत्नाताईला तेवीस वर्षांची असताना पहिली तीनचाकी मिळाली, तीही तशीच. सहा महिने ती गाडी दारात उभी होती आणि तिच्यावर भाऊ तुरीच्या शेंगा वाळवायचा. मग एक दिवस ताईनं भंगारातल्या सायकलचा डावा दांडा मिळवला, गंजलेली पाचर दोन दिवस रॉकेलात भिजवली, शेजाऱ्याच्या हातोड्यानं काढली, आणि तो दांडा आपल्या गाडीच्या आसाच्या डाव्या टोकाला बसवला. पायडलच्या जागी लाकडी मूठ. उजव्या बाजूचा दांडा काढून टाकला. उजव्या हातानं नुसतं हँडल धरायचं, डाव्यानं फिरवायचं. त्या दिवशी ती एकटी महामार्गापर्यंत जाऊन आली. लग्नाच्या वरातीत बसल्यासारखं वाटलं म्हणायची, फक्त नवरदेव नव्हता, तेच बरं होतं.

त्यानंतर हेच तिचं काम झालं. गावच्या सायकली दुरुस्त करायच्या, आणि मोडीत निघालेल्या सायकलींचे डावे दांडे काढून साठवायचे. डोंगराकडच्या पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, आत्रामकाका जुनी सायकल घेऊन आले होते, तेव्हा मी तिथंच होतो. त्यांना सायकल मोडायची होती, ताईला तिचा डावा दांडा हवा होता, आणि दांडा काही निघत नव्हता.

"आरीनं काप न बाई," आत्रामकाका वैतागून म्हणाले. "हा दांडा माह्या बायकोसारखा हाय. एकदा बसला का उठत नाई."

"मंग तिलेबी हातोडाच मारतं का काका?"

"नाई बाप्पा," काका घाईनं म्हणाले, "थेच मले मारते."

ताई इतकी हसली की हातातला पाना पडला. पण दांडा तिनं कापला नाही. रॉकेल टाकून काकांना चहा पाजला, दुसऱ्या दिवशी या म्हणाली. कापलेला दांडा दुसरीकडे बसत नाही, हे तिचं साधं म्हणणं. असे एकेक दांडे जमवून तिनं आपल्याखेरीज आणखी चौघांच्या गाड्या डाव्या हाताच्या करून दिल्या. त्यातल्या एकाला तर उजवा हातच नव्हता, तो हँडल काखेत धरून वळवायचा. ही चार माणसं चार गावांत आपापली दुकानात जायची, दळण आणायची, मतदानाला जायची. कुठल्याही अहवालात त्यांची नोंद नाही.

आता माझ्या पत्रकाकडे येतो. गेल्या वर्षी आम्ही नव्या तीनचाकींसाठी आंदोलन केलं. जुन्या गाड्यांचे टायर गेलेले, सीट फाटलेल्या, खरंच हाल होते. कार्यालय म्हणायचं, यांच्याकडे गाडी आहे, दुसरी कशी देणार? म्हणून मी लिहिलं, 'मोडकी जमा करा, नवी द्या!' घोषणा म्हणून ती जोरात बसायची. छापायच्या आधी मी ताईला दाखवली. ती दोनदा वाचली.

"जमा करा कायले लिवलं?"

"त्याच्याशिवाय नवी देत नाहीत, ताई."

"मले नवी नको."

"तुले नको. बाकीच्यांचं काय?"

ती गप्प बसली. 'बाकीच्यांचं काय' या दोन शब्दांनी मी बऱ्याच लोकांना गप्प बसवलंय. ज्याच्या तोंडावर ते फेकतो तोही बाकीच्यांतलाच एक असतो, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. आंदोलन यशस्वी झालं. आम्ही गुलाल उधळला.

शिबिराच्या दिवशी ताई नवी गाडी घ्यायला आलीच नव्हती. आमच्या लोकांना मदत करायला आली होती. पण यादीत तिचं नाव होतं, कारण यादी मी दिली होती. नाव पुकारलं गेलं. दोन माणसांनी तिला उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं आणि तिची गाडी ओढत नेली. ती ओरडून सांगत होती की ही डाव्या हाताची आहे. साहेब म्हणाले, या गाडीत छेडछाड केलेली दिसते, आणि यादीत डावा-उजवा असा रकाना नाही. आवाज चढवला नव्हता त्यांनी. चढवला असता तर मी भांडलो असतो. भांडणं मला येतं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. "अरे, थांबव न त्याहिले."

मी म्हणालो, "ताई, फोटो होऊन जाऊ दे. मग बोलतो."

फोटो झाला. तोवर ट्रक फाटकातून गेला होता. तिची आणि त्या चौघांची, पाचही डाव्या हाताच्या गाड्या त्याच ट्रकमध्ये होत्या. फोटोत मी मागं उभा आहे, हसताना.

नंतर मी अर्ज केले. एक, मग स्मरणपत्र, मग आणखी एक. उत्तर तोंडी मिळालं, जमा झालेला माल लिलाव होईपर्यंत हलवता येत नाही. ताईनं अर्जाची वाट पाहिली नाही. तिनं नवी गाडी बाजेशेजारी लावून घेतली आणि बोटांनी चाचपत सगळी पाहिली. जुन्या गाड्यांच्या आसाला दोन्ही टोकं असायची. या नव्या गाडीचा आस डाव्या बाजूला तोडूनच टाकलेला. म्हणजे आसच बदलायचा. आस बाहेर काढायचा तर आधी उजवा दांडा निघायला हवा. आणि हा दांडा पाचरीचा नव्हता, नव्या पद्धतीचा होता. चौकोनी टोकावर दाबून बसवलेला, वरून एक नट. तो हातोड्यानं निघत नाही, त्याला ओढून काढायचं पुलर लागतं. कापणं सोपं होतं. वेल्डिंगवाला दहा मिनिटांत ग्राइंडरनं उडवून देतो म्हणाला. पण शिबिरात प्रत्येकाचा अंगठा एका कागदावर घेतला होता, गाडीत कापाकापी केली तर पुढं काहीही मिळणार नाही. ताईचा भाऊ त्या कागदाला घाबरला होता. "कापाचा नाई," ताई म्हणाली. "काढाचा. तपासाले आले तं जसाच्या तसा बसवता आला पाह्यजे."

पुलर मी यवतमाळहून मागून आणलं. ताईला बाजेवरून खाली उतरवायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ती वरूनच सांगत होती. पुलर दांड्याच्या तोंडातल्या आट्यांमध्ये पूर्ण आत जाईपर्यंत हातानं फिरवायचं, मगच मधला बोल्ट आवळायचा. "पुरा आत गेला का?" तिनं विचारलं. मला संध्याकाळी वणीला बैठक होती. दोन आटे बसले होते. मी म्हणालो, गेला. आणि पान्यावर जोर दिला.

पुलर सुटून हातात आलं. सोबत आट्यांची चंदेरी तार आली, कुरळी, दाढीच्या केसासारखी. दांड्याच्या तोंडातले आटे साफ झाले होते. आता जगातलं कुठलंही पुलर त्यात बसणार नव्हतं. मी मान वर केली. मला वाटलं ती शिव्या देईल, झालं का भाषण म्हणेल... ती छपराकडे बघत होती. मग म्हणाली, "जाऊ दे. चहा घेऊन जाय."

कामावरून आलेल्या तिच्या भावजयीनं केलेला चहा मी घेतला. बैठकीला गेलो.

उकळतं पाणी ओतून पाहिलं, लाकडाचा ठोकळा लावून ठोकून पाहिलं, काही झालं नाही. मग ताईनंच शेवटचा उपाय सांगितला. नट ढिला करायचा आणि गाडी जोर लावून चालवायची, चढावर. प्रत्येक फेरीला दांडा केसभर हलतो आणि कधीतरी स्वतःच सैल होतो. चालवणार कोण? मी. धडधाकट माणूस तीनचाकीत बसून गावच्या रस्त्यावर हातानं दांडा फिरवत निघाला, की काय होतं ते मी पाच दिवस अनुभवलं. "पाय कुठं इकले बे?" म्हणून टपरीवरून हाळ्या यायच्या. मे महिन्याचं ऊन, महामार्गाकडचा चढ, उजवा खांदा भरून यायचा. आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आपण प्रायश्चित्त घेतोय असं वाटत होतं. मी रस्त्यावर प्रायश्चित्त घेत होतो आणि ती घरात पडून होती.

पाचव्या दिवशी, बुधवारी, चढाच्या मध्येच दांडा एकदम डुगडुगला. मी नट काढला, हातानं हिसका दिला. निघाला. मी तिथूनच फोन लावला. फोन तिच्या भावजयीनं, कांतावहिनीनं उचलला. त्या यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात होत्या. ताईला सकाळी ताप चढून भ्रम झाला होता, म्हणून गाडी करून नेलं होतं. वहिनींनी फोन तिच्या कानाला लावला.

"ताई, निघाला!"

 मग आवाज आला, तिचाच, पण खूप लांबून. "चौकोन घासला का... पाह्य."

"नाही घासला. चांगला आहे."

"फेकू नोको मंग."

गुरुवारी दुपारी ती गेली.

डॉक्टरांनी वहिनींना विचारलं होतं, ही बाई पाणी पीत नव्हती का? लघवीचं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं, तिथून रक्तात गेलं. वहिनींनी ते मला दिवसकार्य झाल्यावर सांगितलं, ओट्यावर बसून, माझ्याकडे न बघता. "भाऊ, संडास त्या गल्लीच्या तोंडाशी. जुनी गाडी व्हती तवा ताई आपल्या मनानं जाये, दिवसातून धा डाव जाये. नवी आली तशी ते माह्यावर आली. मी सकायी मजुरीले जावो त संध्याकायी येवो. मी जाच्या आधी एकडाव, आल्यावर एकडाव. मधात कोनाले म्हनन ते? तुमाले म्हनन का? म्हून पानीच सोडलं तिनं. मी म्हनो, ताई, ऊन पाहा, प्या न. त म्हने, दांडा निंगाला का पिईन."

मी त्या घरात त्या पाच आठवड्यांत कितीतरी वेळा चहा प्यालो. दर वेळी ती म्हणायची, याले चहा दे, मले नको. तिच्यासमोर कप नसतो हे मला एकदाही दिसलं नाही. मी पत्रकं लिहितो. माणसाच्या साध्या गरजा यावर माझी चार पानी पुस्तिका आहे. तिच्यात पाणी आहे, शौचालय आहे, सन्मान हा शब्द किती वेळा आहे मलाही ठाऊक नाही. आणि समोर बाजेवर माणूस कोरडं पडत होतं...

लोक मला समजावतात. म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नको, व्यवस्थाच तशी आहे. व्यवस्था तशी आहे, हे मी त्यांच्या आधीपासून ओरडतोय. पण व्यवस्थेनं पुलर दोन आट्यांवर आवळलं नव्हतं. व्यवस्थेनं फोटो होऊन जाऊ दे म्हटलं नव्हतं. ज्यांनी तो रकाना ठेवला नाही ते दोषी आहेत, हे मी मरेपर्यंत म्हणणार. त्यांच्या बाजूला उभं राहून जो हसला त्याचं काय करायचं, ते मला माहीत नाही.  पूर्वी मला सगळ्याची उत्तरं यायची.

त्या चौघांकडे मी गेलो. चौघांच्याही दारात नव्या गाड्या उभ्या आहेत, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. एकावर कपडे वाळत होते. चौघांनाही मी एकच प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता? तिघांनी विषय बदलला. चौथा, ज्याला उजवा हातच नाही, तो म्हणाला, "कमीच बरं पडते, भाऊ." त्याच्या गाडीचा दांडा मी काढला. पुलर शेवटच्या आट्यापर्यंत आत घातलं, तीनदा तपासलं, मग जोर दिला. निघाला. जुन्या सायकलचा दोन टोकांचा आस बसवून त्याच्या डाव्या टोकाला दांडा लावला. अंगठ्याच्या कागदाचं काय व्हायचं ते होईल, तो मी माझ्या नावावर घेतोय. आता तीन राहिल्यात. पण या चार गावांच्या पलीकडे किती आहेत ते मला माहीत नाही, कार्यालयाला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, कारण कोणी मोजलेलंच नाही.

म्हणून हा लेख वाचून मला सांत्वनाचा निरोप पाठवू नका. ताईच्या फोटोला हार घालायला येऊ नका. तुमच्या गल्लीत, तुमच्या तांड्यावर, तुमच्या पोडावर एखाद्या दारात नवी तीनचाकी उभी असेल आणि तिची चाकं धुळीनं माखलेली नसतील, तर ती चालत नाही. म्हणजे आत कोणीतरी पडून आहे. उठा आणि आजच त्या घरात जा. त्याला विचारा, संडासला कधी जाऊन आलास? आणि त्याला घेऊन जा.